नाजूक पोटाच्या पिल्लाचा आहार

कुत्र्याच्या पिल्लाचे आईचे दूध सुटले की दुधातील साखर पचवणारे विकर कमी होत जाते. म्हणून दूध-पोळीने अनेक पिल्लांना जुलाब होतात. बिघडलेल्या पोटाला मऊ भात आणि मीठ-मसाल्याविना शिजवलेली, हाडे काढलेली कोंबडी दोन-तीन दिवस मानवते. त्यात कॅल्शियम अपुरे असल्याने वाढीसाठी मात्र पिल्लांचे संतुलित खाद्यच लागते. नवे खाद्य जुन्यात मिसळत 7 ते 10 दिवसांत वाढवावे. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट वर्ज्य. मीरा-भाईंदरच्या दमट हवेत कोरडे खाद्य सादळून त्याला बुरशी येते. ते हवाबंद डब्यात ठेवावे. तिथल्याच उत्तन गावाकडची खारवलेली सुकी मासळी टाळावी. रक्ताचे जुलाब, सततच्या उलट्या व मलूलपणा ही पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लक्षणे असू शकतात. अशा पिल्लाला तातडीने पशुवैद्याकडे न्यावे.