बाभूळ इज बॅक, पण...

दिंडोरी म्हटलं की वीकेंडवाल्यांना आठवतात द्राक्षं. सुलाच्या 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ'ने तर नाशिकजवळच्या या गावाचं नाव थेट बाटलीवर नेलं. पण बागांवरून नजर काढून जरा बांधाकडे बघा. पिवळ्या गोंड्यांची काटेरी बाभूळ दिसेल. टूथब्रश घरोघरी पोचायच्या आधी खेड्यापाड्यातली सकाळ अशाच झाडांच्या काडीने सुरू व्हायची. आता तीच बाभूळ 'हर्बल' लेबल लावून शहरात परतलीय.

तुरट, पण गुणी

बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर. याच सालीने कातडी कमावतात! तिच्या तुरटपणाने सुजलेली हिरडी आवळते आणि रक्त येणं कमी होतं. काडी चावून केलेला कुंचला दातांवरचा चिकट थरही घासून काढतो. पिलूच्या काडीची, म्हणजे मिसवाकची, शिफारस तर जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये केली होती. जिथे तिची रीत आहे तिथे.

अलार्म स्नूझ करू नका

गोची पुढेच आहे. ब्रश करताना येणारं रक्त म्हणजे अलार्म. बाभूळ तो गप्प करू शकते, पण कारण तिथेच राहतं. चिकट थर घट्ट होऊन त्याचं कीटण झालं, की ते ना काढ्याने निघतं, ना पेस्टने. त्याला डेंटिस्टकडचं स्केलिंगच लागतं. दुर्लक्ष केलंत तर दाताभोवतीचं हाड झिजतं आणि आपोआप भरून येत नाही. दात दुखत नाही म्हणून सगळं ठीक, असं समजू नका. हिरड्यांचा आजार बरेचदा न दुखताच वाढतो.

आणि हो, गावाकडचं सगळंच गुणकारी नसतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू! दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे. मिश्रीला नाहीच म्हणा.

एवढं करा

• चमचाभर साल दोन कप पाण्यात उकळून निम्मी आटवा. गाळून, कोमट झाल्यावर चूळ भरा, गिळू नका.
• काडी कोवळी घ्या, हलक्या हाताने फिरवा.
• फ्लोराइडची पेस्ट आणि दोन वेळचा ब्रश सोडू नका.
• मीठ, कोळसा रगडू नका.
• दोन आठवड्यांनंतरही रक्त येतंय? अपॉइंटमेंट घ्या. डायबेटिस असेल तर वाटही बघू नका.

बाभूळ जरूर वापरा, पण डेंटिस्टची सुट्टी मंजूर करू नका!