सर्व्हर-व्यवस्थापनासाठी कमांड लाइन : मूलभूत कौशल्ये

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
(१) कमांड लाइनवरील आज्ञेची रचना सांगता येईल.
(२) सर्व्हरची स्थिती दर्शविणाऱ्या प्रमुख आज्ञांचा उपयोग स्पष्ट करता येईल.
(३) बदल घडविणारी आज्ञा देण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता उदाहरणासह विशद करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आपण मोबाइलवर वृत्तपत्र वाचता किंवा परीक्षेचा अर्ज भरता, तेव्हा दूरवरचा एखादा संगणक आपली मागणी पुरवीत असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. बहुतेक सर्व्हरांसमोर पडदा व माउस घेऊन कोणी बसलेले नसते. त्यांच्याशी बोलावयाचे ते टंकलिखित आज्ञांनी. ही पद्धत जुनी आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स तिच्याच वळणाची आहे. दूरच्या सर्व्हरवर प्रवेश करण्यासाठी १९९५ मध्ये तयार झालेली 'एसएसएच' ही प्रणाली वापरतात. पूर्वीच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत जात असे. एसएसएच तो सांकेतिक रूपात पाठविते.

आज्ञेची रचना

व्याकरणाच्या अभ्यासकास ही रचना परकी वाटू नये. येथील प्रत्येक वाक्य आज्ञार्थी असते. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. येथे ते प्रथम येते. 'एलएस -एल /व्हार/लॉग' ही आज्ञा पाहा. 'एलएस' म्हणजे 'यादी दाखव' हे क्रियापद, '-एल' म्हणजे 'तपशीलवार' हे क्रियाविशेषण आणि शेवटचा भाग हे कर्म. (प्रत्यक्षात या आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

पाहण्याच्या आज्ञा

काही आज्ञा केवळ माहिती देतात, कशालाही धक्का लावीत नाहीत. 'हू-ॲम-आय' आपण कोणत्या नावाने आत आलो ते सांगते, 'होस्टनेम' कोणत्या यंत्रावर आहोत ते, तर 'पीडब्ल्यूडी' कोणत्या डिरेक्टरीत आहोत ते.

समजा, एखादे संकेतस्थळ बंद पडले आहे. 'डीएफ -एच' या आज्ञेने डिस्क भरली आहे काय, हे कळते. 'टेल' लॉग फाइलच्या शेवटच्या ओळी दाखविते. 'ग्रेप' त्यातून हव्या त्या शब्दाच्या ओळी निवडते आणि 'डब्ल्यूसी -एल' त्या मोजते. दोन आज्ञांमध्ये उभी रेघ, म्हणजे 'पाइप', घातली की पहिलीचे उत्तर दुसरीस मिळते. निदान होईपर्यंत याच आज्ञांवर थांबावे.

बदलाच्या आज्ञा

'एमव्ही' फाइल हलविते, 'आरएम' पुसते. आरएमने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ती परत मागता येत नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेत घडलेला प्रसंग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे साहित्य ही सेवा सांभाळते. तिच्या माहितीसाठ्याचे दोन सर्व्हर होते : एक मुख्य, दुसरा त्याची प्रत ठेवणारा. दोघांच्या नावांत एका अंकाचा फरक होता. प्रत मागे पडल्यामुळे दुय्यम सर्व्हरवरील डिरेक्टरी पुसून ती नव्याने घ्यावयाची होती. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली, ती मुख्य सर्व्हरवर. क्षणार्धात चूक ध्यानात येऊन त्याने आज्ञा थांबविली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम ४.५ गिगाबाइट उरले होते.

पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. नियमित बॅकअप तयारच होत नव्हता आणि त्या अपयशाची सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली. सेवा दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. गिटलॅबने हा सारा वृत्तान्त स्वतः प्रसिद्ध केला.

यात एका व्यक्तीस दोषी ठरवून थांबणे अपुरे आहे. थकलेला माणूस चुकणारच, हे गृहीत धरून कामाची रीत आखावी लागते. पुसण्यापूर्वी 'होस्टनेम' व 'पीडब्ल्यूडी' या आज्ञा द्याव्यात. जे पुसावयाचे तेच कर्म आधी 'एलएस'ला देऊन यादी वाचावी. आणि बॅकअपमधून माहिती खरोखर परत मिळते काय, हे ठरावीक काळाने करून पाहावे. परत मिळवून न पाहिलेला बॅकअप हा केवळ विश्वास असतो.

सारांश

कमांड लाइन सांगितलेले तेच करते. मनातले ओळखत नाही. म्हणून मी कोण, मी कोठे आणि ही आज्ञा कशावर, हे तीन प्रश्न प्रत्येक बदलापूर्वी विचारणे हे या क्षेत्रातील पहिले कौशल्य होय.

स्वाध्याय

(१) आज्ञेच्या रचनेची मराठी आज्ञार्थी वाक्याशी तुलना करा.
(२) गिटलॅबच्या प्रसंगात कोणत्या टप्प्यावर हानी टळू शकली असती? सकारण लिहा.