ब्रेक कोणता? उच्चार एक, शब्द वेगळे

मंडळी, सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द आज आपण पुस्तकातून नाही, भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवरून घेऊ. इंग्रजीत स्पेलिंगमुळे असे शब्द बहुतेक वेळा कागदावर तरी वेगळे ओळखू येतात. आपण ते देवनागरीत लिहिले की तोही आधार जातो.

‘डाय’ पाहा. रंगाचा डाय जुन्या इंग्रजीतलाच, त्यात ‘वाय’ येतो. मरण्याचा डाय बहुधा नॉर्स लोकांकडून आला. आणि टूलरूममधला डाय म्हणजे मुळात खेळायचा फासा, बरं का! तो फ्रेंचमधून आला. फाशाचं अनेकवचन डाइस झालं, अवजाराचं मात्र डाइज.

पण आपल्या पट्ट्यात खरा घोळ ‘ब्रेक’चा. मोडणे किंवा खंड पडणे हा एक, त्याच्या शेवटी ‘के’. गाडी थांबवणारा दुसरा, त्याच्या शेवटी ‘के-ई’. जवसाच्या काड्या कुटून धागा मोकळा करायच्या अवजारालाही हा दुसरा ब्रेक म्हणत; कुटण्या-मोडण्यातून त्याचं पहिल्याशी जुनं नातं लागतं. गाडीचा ब्रेक त्यातूनच आला की नाही, यावर कोशकारांचं एकमत नाही. पत्रा वाकवायच्या प्रेस ब्रेकचं स्पेलिंगही गाडीवालंच. तिथे ना काही थांबतं, ना मोडतं!

आता ‘मला ब्रेक मिळाला’ हे वाक्य घ्या. नटाने म्हटलं तर घरी पेढे येतात. चाकणच्या टेम्पररी कामगाराने म्हटलं तर खोलीचं भाडं कसं भरायचं हा प्रश्न येतो. गंमत अशी की दोन्हीकडे शब्द तोच, मोडण्याचा. एकाच्या रांगेत फट पडली, दुसऱ्याच्या सेवेत खंड पडला.

हा खंड हिशेबाने पडतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं की सलग एक वर्षाची सेवा धरली. मग कपात करताना नोटीस आणि भरपाई आली. सात महिन्यांचे करार का निघतात ते यावरून कळतं. सगळे रविवार धरले तरी सात महिने 215 दिवसांच्या पुढे जात नाहीत. त्यामुळे पत्रात हा शब्द आला की आम्ही पोरांना सांगतो, स्पेलिंग राहू द्या, आधी दोन तारखा बघा: हजर झाल्याची आणि ब्रेकची.