पार्किंग सेन्सरची खोटी सूचना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटारीच्या मागच्या बंपरमधले पार्किंग सेन्सर श्राव्यातीत ध्वनीवर चालतात. रिव्हर्स गिअर पडताच सेन्सरची पातळ चकती थरथरते, माणसाला ऐकू न येणारा साधारण ४० ते ५० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी टिपते. ध्वनीला जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर ठरते. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या प्रवासी मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत.

मागे काही नसताना बीप वाजू लागली की सेन्सर बिघडला, असे सर्रास मानले जाते. पण बिघडलेला सेन्सर सहसा गप्प होतो. अनेक गाड्यांत रिव्हर्स टाकताच एक लांब सूर वाजून तो बिघाड कळतो. खोटी वाटणारी सूचना बहुधा खऱ्याच प्रतिध्वनीची असते. तो चढाचा, उंच गवताचा, बंपरला जोडलेल्या गार्डचा किंवा नंबरप्लेटच्या फ्रेमचा असू शकतो. बाहेरून बसवलेला सेन्सर उलटा किंवा खाली झुकलेला असेल, तर त्याला जमीनच अडथळा वाटते.

वऱ्हाडात पावसाळ्यात पहिला संशय गाऱ्यावर घ्यावा. पांदण रस्त्याने आलेल्या गाडीच्या सेन्सरवर काळी माती वाळून घट्ट बसते आणि चकतीचे थरथरणे बिघडवते. ती ओल्या मऊ फडक्याने काढावी, खरवडू नये.

अकोल्याच्या उन्हाने सेन्सर खोटे बोलतो, हा समज मात्र हिशेबात टिकत नाही. हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर असतो. यंत्रणेने तापमान मुळीच लक्षात घेतले नाही, तरी एक मीटरवरची भिंत फार तर चार सेंटिमीटर जवळ भासेल. उन्हामुळे नसलेली भिंत उभी राहत नाही. अमरावती-अकोला महामार्गावर शेजारच्या ट्रकच्या एअरब्रेकचा फुसकारा मात्र क्षणभर चुकीची बीप वाजवू शकतो, कारण त्यातही श्राव्यातीत ध्वनी असतो.

तपासणीसाठी गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करावी; मागे तीन मीटरपर्यंत काही नसावे. हँडब्रेक ओढून, इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून रिव्हर्स टाकावा. बोट टेकवल्यावर चालू सेन्सरची बारीक टकटक जाणवते. बीप वाजतच राहिली तर गार्ड आणि फ्रेम एकेक करून काढून पाहावे. मग सुमारे ७५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पाइप उभा धरून दीड मीटरवरून हळूहळू जवळ आणावा आणि दाखवलेले अंतर टेपने पडताळावे. प्रत्येक सेन्सरसमोर हे वेगळे करावे लागते, कारण बीप सगळ्यांची मिळून एकच असते.

बीप नाही म्हणजे मागे काही नाही, हा गैरसमज सर्वांत घातक आहे. जिनिंगच्या आवारातली मोकळ्या कापसाची गंजी ध्वनी शोषून घेते, तारेच्या कुंपणावरून पुरेसा प्रतिध्वनी येत नाही आणि तिरक्या फळीवरून तो भलतीकडे जातो. सेन्सरच्या पट्ट्याखाली खेळणारे लहान मूलही सुटू शकते. अशा जागी सेन्सर निर्दोष असला, तरी मागे उतरून पाहावेच लागते.