कोयनेचे दहा सेकंद

सकाळी ९.३०
ऑफिसात आल्याबरोबर कोयनेची फाइल उघडते. काम खरं तर एका नव्या धरणाचं आहे, पण आपली पद्धत आधी कोयनेवर घासून घ्यायची, हा माझा हट्ट. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने हादरे नोंदवले, आणि तडे कुठे गेले हेही पाहिलेलं आहे. हादराही ठाऊक आणि परिणामही ठाऊक, अशी धरणं जगात फार थोडी. म्हणून परदेशातले अभ्यासकही याच १०३ मीटर उंच भिंतीवर आपली मॉडेल्स तपासतात.

१०.३०
संगणकातल्या मॉडेलवर भार लावायला घेते. भिंतीचं स्वतःचं वजन आणि ९१.७५ मीटरपर्यंतच्या पाण्याचा दाब हे दोन स्थिर. आडवा आणि उभा हादरा हे क्षणाक्षणाला बदलणारे. स्थिर भार वेगळ्या टप्प्यात, आधी लावायचे. तोच पाण्याचा दाब गतिक टप्प्यात एकदम टाकला, तर भिंतीला तो तडाखा वाटतो आणि भूकंप सुरू होण्याआधीच ती डोलू लागते. हादऱ्याबरोबर हलणाऱ्या पाण्यासाठी वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये दिलेल्या सूत्राने भिंतीच्या पाण्याकडच्या अंगावर जादा वस्तुमान जोडते.

११.३०
आता टेबलं. प्रत्येक हादऱ्याचं दहा सेकंदांचं स्वतंत्र टेबल : एका स्तंभात वेळ, दुसऱ्यात त्वरण. आडव्याचा कमाल आकडा गुरुत्वत्वरणाच्या ०.४७ पट, उभ्याचा ०.३१ पट.

नवी इंजिनिअर विचारते, “मॅडम, दोन्ही कमाल आकडे एकदमच लावले तर? आपण सुरक्षित बाजूलाच राहू ना?”

“कुठल्या बाजूला राहू, तेच कळणार नाही,” मी म्हणते. दोन्हींचे कमाल क्षण वेगवेगळे. आडव्या हादऱ्याने भिंत एका अंगाला झुकलेली असताना उभा हादरा वजन वाढवतोय की हलकं करतोय, यावर ताण ठरतो. भिंतीचा पहिला डोल साधारण ०.३४ सेकंदाचा. एक टेबल पाव सेकंदाने सरकलं, तरी तो कोयनेचा भूकंप राहत नाही.

म्हणून तिला एक खोच मुद्दाम दाखवते. स्थिर टप्प्याचा कालावधी बदलला नाही, तर सॉफ्टवेअर तो एक सेकंद धरतं. एक टेबल टप्प्याच्या वेळेवर आणि दुसरं एकूण वेळेवर बांधलं गेलं, तर दोन हादरे एका सेकंदाने फाटतात. सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही, आलेखही देखणे येतात. तिला दोन्ही टेबलं पायाच्या त्वरणाच्या आलेखावर मूळ नोंदीशी ताडून पाहायला बसवते.

२.००
जेवण. मग तडे न जाणाऱ्या साध्या काँक्रीटवर प्रत्येक भाराचा सुटा रन. प्रत्येक क्षणाची चार उत्तरं मिळवली की एकत्रित रनचं उत्तर यायला हवं. येतं.

३.३०
आता तडे जाणारं काँक्रीट. इथे ती बेरीज चालत नाही, कारण एकदा तडा गेला की भिंतच बदलते. पुढचा धक्का त्या बदललेल्या भिंतीला बसतो. सगळे भार एकत्र, त्यांच्या खऱ्या क्रमानेच लावावे लागतात.

६.००
रन संपला. माथ्याच्या विस्थापनातून पायाचं विस्थापन वजा करून पाहते, नाहीतर आख्खी जमीन सरकलेलीही भिंतीच्या नावावर जमा होते. नुकसान दिसतं ते पायथ्याशी आणि वर, जिथे पाण्याच्या विरुद्ध अंगाचा उतार एकदम बदलतो तिथे, सुमारे ६६.५ मीटरवर. १९६७ मध्येही त्याच उंचीच्या आसपास तडे गेले होते. नंतर उंच भागांना मागून टेकूभिंती देऊन बळकटी दिली गेली.

६.३०
नव्या धरणाच्या नोंदी उघडते. तिथे तिसरी दिशाही आहे, धरणाच्या लांबीची. तिचे आकडे ०.०२ सेकंदाच्या अंतराने आलेत, उरलेल्या दोन्हींचे ०.००५ च्या. नोंदी पाठवणाऱ्यांना ईमेल टाकते : तिन्हींचा शून्य क्षण एकच आहे का?