गाठीच्या आतली मोडतोड

गगनबावड्याच्या पावसात भातलावणी करताना पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं. त्यासाठी कुणी सोनोग्राफीला जात नाही. जखम भरली की गाठ बसते. मानेतली गाठ महिनाभर हटली नाही, रोज संध्याकाळी कणकण येऊ लागली, की मात्र कोडं पडतं. आत क्षयाचे जंतू आहेत, की ल्युपससारख्या आजारात शरीराची फौज घरच्यांवरच उलटली आहे? उत्तर चुकलं तर महागात पडतं. ल्युपसला बरेचदा स्टिरॉइड लागतं आणि नुसतं स्टिरॉइड दिलं तर क्षयाला मोकळं रान मिळतं.

पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापूर. तिथं मानेवर जेल चोपडून प्रोब टेकवतात, तो सेकंदाला सुमारे १ कोटी कंपनांचा आवाज आत सोडतो. कानाला त्याचा पत्ता नाही. पण मांसात या लहरीची लांबी जेमतेम ०.१५ मिलिमीटर, म्हणून गाठीचे आतले बारकावे दिसतात.

ही गाठ म्हणजे फुगलेली लसिका ग्रंथी. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी: लांबट, एका कुशीला खाच. खाचेत चरबीची पांढरी रेघ, आणि रक्ताचा प्रवाह टिपणारा डॉप्लर लावला की तिथूनच आत शिरलेल्या रक्तवाहिन्यांना फांद्या फुटलेल्या दिसतात. ल्युपसमध्ये ग्रंथी फुगते, पण हा आराखडा बहुधा शाबूत राहतो. मुरलेला क्षय तोच मोडतो. रेघ पुसली जाते, मधला भाग कुजून काळा दिसतो, रक्तवाहिन्या बाजूला ढकलल्या जातात, शेजारच्या गाठी एकमेकींना चिकटतात. जंतू दिसत नाहीच. दिसते ती मोडतोड.

यातही एक खोडसाळ आजार आहे. १९७२ मध्ये जपानमध्ये नोंदवला गेलेला किकुची. त्यातही ग्रंथी आतून मरते, जंतू सापडत नाहीत आणि बहुतेकदा काही महिन्यांत सगळं आपोआप निवळतं.

मग महागडा पेट स्कॅन तरी निकाल लावेल? त्यात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. दर ११० मिनिटांनी तिचा किरणोत्सार निम्मा होतो. भुकेल्या पेशी ती ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. पण जंतूंशी लढणारी पेशी भुकेली, उलटलेली भुकेली, कॅन्सरची तर हावरटच! या एका प्रश्नापुरती साधी सोनोग्राफी मला जास्त हुशार वाटते.

शेवटी सुई लागतेच. ती कुठं टोचायची, हे मात्र चित्र दाखवतं: मधल्या पुवातून सीबीनॅट यंत्र क्षयजंतूचा जनुक सुमारे दोन तासांत हुडकतं, आणि कडेच्या जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जातात.