परिचारिका होण्याची वाट

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. अकरावीला कोणती शाखा घ्यावी, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. विज्ञानाला शिकवणी लावावी लागते, एवढेच ऐकले होते. म्हणून कला शाखेचा अर्ज भरला. मनात मात्र परिचारिका व्हायचे होते. आपल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने तयार केलेल्या ‘भारतवैद्य’ बायांचे काम आपण जाणतोच. फारशी शाळा न शिकलेली बाई गावाच्या आरोग्याची काळजी घेते, तर रीतसर शिकून आपण किती करू शकू, असे वाटे.

बारावीनंतर चौकशी केली, तेव्हा कळले की ते दार अकरावीच्या अर्जातच बंद झाले होते.

बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी आहे. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. शिवाय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नर्स म्हणजे इंजेक्शन देणारी बाई, ही आपली समजूत फार अपुरी आहे. पहिल्याच सत्रात शरीररचना व शरीरक्रिया यांच्या जोडीला समाजशास्त्र आणि मानसशास्त्र, म्हणजे आपलेच विषय असतात! पुढे औषधशास्त्र, बालआरोग्य, मानसिक आरोग्य, प्रसूती आणि खेड्यापाड्यांतील सामाजिक आरोग्य शिकवतात. वर्गाबरोबर वॉर्डातले प्रत्यक्ष कामही असतेच. पदवीनंतर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली, की ती खरी परिचारिका.

मग कला शाखेच्या मुलींनी काय करावे? त्यांना जी. एन. एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम खुला आहे. बारावीला शाखा कोणतीही चालते. इंग्रजी आणि किमान 40 टक्के गुण हवेत. त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी. एस्सी. केली, की तीच पदवी हाती येते. वाट लांबची, पण बंद नाही.

बी. ए. अर्धवट सोडून तिकडे जावे का, यावर सध्या घरात बोलणे चालू आहे. आई म्हणते, “हातातलं आधी पुरं कर.” मला तिचे पटते आणि पटतही नाही.

यंदा धाकटी बहीण दहावीत आहे. तिचा अर्ज मी शेजारी बसून भरून घेणार आहे. मित्र-मैत्रिणींनो, आपापल्या गावच्या दहावीच्या वर्गात जाऊन आपणही एवढे सांगाल का?

(बी. ए. द्वितीय वर्ष)